आरएक्स-८ चं इंजिन बदललं, त्याची सविस्तर हकीकत

गाडी २००५ ची माझदा आरएक्स-८, २३१ पीएसवाली (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच), सहा गिअरची. तिचं इंजिन बदलून, एमओटी म्हणजे इथली सक्तीची गाडी तपासणी करून, कागदपत्रांवर नवा इंजिन नंबर चढवून सगळं मार्गी लागलंय म्हणून आता निवांत लिहायला बसले. सुरुवातीला मी खूप वाचलं, पण लिहिणारे निम्मे लोक आधीच मुरलेले मेकॅनिक, त्यामुळे मला ज्या गोष्टी अडत होत्या त्या त्यांना सांगाव्याशाच वाटत नव्हत्या. म्हणजे गाडी दारात उघडी पडलेली असताना रोड टॅक्सचं काय करायचं, घरमालकाला सांगायचं का, पॅलेटवर आलेलं इंजिन फुटपाथवरून आत कोण आणणार, असले प्रश्न. मी राहते इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, मूळची कोल्हापूरची. अण्णांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं त्यामुळे पाने-सॉकेट हातात धरायची भीती कधी नव्हती, पण क्लच बदलण्यापलीकडे माझी मजल गेलेली नव्हती.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिच्यात पिस्टन नाहीत. रोटरी इंजिन आहे, माझदाचं रेनेसिस, १३बी घराण्यातलं. फुगीर त्रिकोणी रोटर दोन, प्रत्येकाचा हिशोब ६५४ सीसी, म्हणून कागदावर १३०८ सीसी आणि तरी ९००० आरपीएमपर्यंत जाणारं. २००३ साली याला इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर मिळालं होतं. मागचे दोन छोटे दरवाजे उलटे उघडतात, मध्ये खांबच नाही, त्यामुळे कूपे असून मागे खरंच दोन माणसं बसतात. मला ही गाडी मनापासून आवडते, आणि पुढचा सगळा खर्च आणि त्रास त्या आवडीपायीच केलाय हे आधीच सांगते, कारण नुसत्या पैशाच्या हिशोबात हे बसत नाही.

रोटरीमध्ये पिस्टन रिंगांच्या जागी रोटरच्या तीन टोकांना एपेक्स सील असतात आणि बाजूला साइड सील. ते झिजले किंवा कार्बनने अडकले की कंप्रेशन जातं. सील ओले राहावेत म्हणून इंजिन स्वतःच थोडं ऑइल आत सोडून जाळतं, त्यामुळे ऑइल कमी होणं हा बिघाड नाही, दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची आणि भर घालायची एवढंच.

माझ्या गाडीत २०२३ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा जाणवलं. सकाळी थंड असताना लगेच स्टार्ट व्हायची, पण सुपरमार्केटला जाऊन दहा मिनिटांनी परत आलं की स्टार्टर नुसता फिरत राहायचा. गरम असताना स्टार्ट न होणं हे रोटरीत कंप्रेशन गेल्याचं ठरलेलं लक्षण. पण हीच लक्षणं कमजोर कॉइल, जुने प्लग, दमलेला स्टार्टर किंवा चोंदलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट, एग्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) यांनीही येतात, आणि यातलं काहीही इंजिनापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. म्हणून माझं पहिलं कळकळीचं सांगणं, इंजिन गेलं असं कुणीही म्हणालं तरी आधी मोजून घ्या. साधा पिस्टनवाला कंप्रेशन गेज इथे उपयोगाचा नाही, तो तीन बाजूंपैकी सगळ्यात चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो. रोटरीचा वेगळा टेस्टर असतो, तो प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजू वेगळ्या मोजतो.

जानेवारी २०२४ मध्ये एका रोटरीवाल्या गॅरेजात टेस्ट करून घेतली, ६० पाउंड. इंजिन गरम असतानाच मोजायचं असतं आणि बॅटरी पूर्ण चार्ज हवी. आकडे २५० आरपीएमला बसवून आले ते असे: पुढचा रोटर ५.६, ५.४, ५.७ आणि मागचा ५.१, ४.८, ५.३ बार. माझदाच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी ६.८ बार लागतं. कागद हातात घेऊन पार्किंगमध्ये बराच वेळ बसून होते, वाईट वाटलं, पण एक प्रकारे सुटल्यासारखंही वाटलं कारण आता हे की ते अशी घालमेल नव्हती.

अण्णांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर सिलिंडर बोअर केले, स्लीव्ह बसवल्या, रोटरी कधी बघितलेली नाही. मी सगळं समजावून सांगितलं तर म्हणाले, "पिस्टनच न्हाई तर मग बोअर कशाचा करायचा गं?" मग मी त्यांना आडव्या कापलेल्या इंजिनाचे फोटो पाठवले, त्यांनी ते पुरते दोन दिवस बघितले असणार, आणि नंतर फोन करून अगदी मुद्द्याचं बोलले. "हे बघ बाळ, हे घरात उघडायचं काम न्हवं. ज्याच्याकडं मापं हाईत त्याच्याकडनं तयार आण आन् तू फक्त बसव. बसवणं म्हंजे क्रमाचं काम, ते तुला जमंल."

मी तेच केलं. पर्याय तीन होते. स्क्रॅपयार्डमधलं वापरलेलं इंजिन चारपाचशे पाउंडात मिळतं पण त्याचं कंप्रेशन किती याची खात्री कोण देणार, आणि सगळी मेहनत तीच करायची असताना आत काय बसवतोय तेच माहीत नसणं मला पटलं नाही. दुसरा, गॅरेजकडून रिबिल्ट, म्हणजे उघडून झिजलेले भाग बदलून परत जोडलेलं इंजिन बसवूनच घेणं, त्याचा अंदाज आला ५,५०० पाउंड. तिसरा, रिबिल्ट इंजिन विकत घेऊन स्वतः बसवणं. इंजिन २,६५० पाउंड आणि जुनं इंजिन परत करेपर्यंत ५०० पाउंड अनामत. अशी चालू गाडी इथे दोन-अडीच हजारांत मिळते, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा इंजिन महाग. हे घरात उघड बोललो, नवऱ्याने एवढंच विचारलं की अर्धवट सोडून देणार नाहीस ना, मी नाही म्हटलं, आणि फेब्रुवारीच्या अखेरीस ऑर्डर दिली. वाट बघायची सहा आठवडे सांगितली होती.

पैसे भरायच्या आधी वॉरंटीच्या अटी नीट वाचा. माझ्यात लिहिलं होतं की चारही इग्निशन कॉइल आणि प्लग नवे घातल्याची पावती पाहिजे, ऑइल कूलर आणि त्याचे पाइप धुतल्याचे फोटो पाहिजेत, पहिल्या ५०० मैलांवर ऑइल बदलल्याची नोंद पाहिजे. कारण रास्त आहे, २३१ पीएसवाल्या गाडीत पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक ऑइल कूलर असतो आणि जुन्या इंजिनाचा कचरा तिथे साचलेला असतो, तो न धुता नवं इंजिन जोडलं की पहिल्या मिनिटाला तोच कचरा नव्या बेअरिंगांत जाणार. आणि पावतीवर इंजिन नंबर आणि गाडीचा नंबर दोन्ही छापून मागा. पुढे डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला, पुरावा म्हणून हीच पावती लागते.

वाट बघण्याच्या काळात कागदाची कामं उरकली. आमचं घर भाड्याचं, करारात दारात गाडी दुरुस्त करायला परवानगी नाही असं कलम होतं. एजंटला ईमेल करून कोणतं काम, किती दिवस, ऑइल सांडू नये म्हणून काय करणार हे लिहिलं, आठवड्याने लेखी परवानगी आली, फक्त जमिनीवर डाग पडता कामा नये अशी अट. तो ईमेल मला फार उपयोगी पडला कारण मे महिन्यात कुणीतरी तक्रार केली तेव्हा दाखवायला हातात काहीतरी होतं.

मग सॉर्न. गाडी रस्त्यावर चालवणार नाही असं डीव्हीएलएला कळवायचं, फुकट आहे, ऑनलाइन होतं. इथे दोन बारकावे. व्ही५सी म्हणजे लॉगबुक, गाडीचं नोंदणीपत्र, त्यावरचा ११ आकडी नंबर टाकला तर सॉर्न लगेच लागू होतं, टॅक्सच्या आठवणपत्रावरचा १६ आकडी टाकला तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. आणि टॅक्सचा परतावा फक्त उरलेल्या पूर्ण महिन्यांचा मिळतो, त्यामुळे महिना संपायच्या आधी करा, एक-दोन तारखेला केलंत तर तो अख्खा महिना गेला. मी २९ मार्चला केलं, चेक आपोआप घरी आला. सॉर्न केल्यावर गाडी खाजगी जागेतच हवी, घरासमोर रस्त्यावर लावलेली चालत नाही, आणि चालवताना सापडलात तर २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. विमा कंपनीला कळवून फक्त आग आणि चोरीचा विमा ठेवला, आणि तेच इंजिन, तेवढ्याच सीसीचं, फक्त रिबिल्ट घालतेय हे लेखी कळवून त्यांचं लेखी उत्तर घेतलं. प्रीमियम वाढला नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सुरुवात. मदतीला शेजारचे आजोबा, वोल्व्हर्टनच्या रेल्वे कारखान्यात आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेले. त्यांनी पहिल्या दिवशी पाना उचलायच्या आधी मला फ्रीझर बॅग आणि मार्कर आणायला लावलं. प्रत्येक बोल्ट बॅगेत, बॅगेवर कुठला ते, आणि कनेक्टर सोडायच्या आधी फोटो. मी कामावर रोज टेस्टकेस लिहिते त्यामुळे ही पद्धत मला लगेच भावली, एका वहीत ओळीने सगळं लिहीत गेले आणि बसवताना ती वही खालून वर वाचत गेले.

काढायचा क्रम असा होता. फ्युएल पंपाचा रिले काढून इंजिन फिरवून पेट्रोलचं प्रेशर उतरवलं, बॅटरी सोडली, कूलंट आणि ऑइल काढलं, एअर बॉक्स आणि इनटेक काढलं. एसीचा कंप्रेसर गॅस न सोडता तसाच बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवला, गॅस घरी सोडायचा नसतो आणि इथे ते बेकायदाही आहे. पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक असल्यामुळे तिथे तेलाची भानगड नाही. मग गाडी चारही बाजूंनी अॅक्सल स्टँडवर. एग्झॉस्ट काढलं, प्रॉपशाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागे डिफरन्शिअलकडे जाणारा फिरता दांडा) फ्लँजवर खुणा करून तो काढला, तो कार्बन फायबरचा आहे, इतका हलका की हातात घेतल्यावर आश्चर्य वाटतं आणि म्हणूनच आपटायचा नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल यांना जोडणारी एक लांब फ्रेम असते, पीपीएफ म्हणतात, ती सुटली की गिअरबॉक्स खाली घेता येतो. बेलहाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जिथे जोडतो तिथले, वरचे बोल्ट दिसतच नाहीत, लांबलचक एक्स्टेन्शनांची माळ करून गिअरबॉक्सच्या वरून अंदाजाने लावावं लागतं.

एग्झॉस्टचे नट मात्र भयंकर गंजलेले. इकडे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, एकोणीस वर्षांचं मीठ तिथे बसलेलं. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवायचं, गरम करायचं, परत मारायचं, तरी दोन स्टड तुटले. ते कॅटच्या बाजूचे होते म्हणून निभावलं, ड्रिल करून नवे आटे पाडले. त्यात एक शनिवार-रविवार अख्खा गेला आणि तेव्हा खरंच रडू आलं, पाऊस, अंधार, हात सोललेले. आजोबा म्हणाले आज पाना ठेव आणि चहा पी, तुटलेला बोल्ट कुठे पळून जात नाही. दमलेलं असताना गंजलेल्या बोल्टवर जोर लावायचा नाही हे मी तेव्हापासून पाळलं.

भाड्याने आणलेल्या क्रेनने एप्रिलच्या शेवटी इंजिन वरून बाहेर काढलं. बाहेर आलेलं रोटरी इंजिन बघितलं की चकित व्हायला होतं, एवढंसं असतं ते. ते बाहेर असतानाच इंजिन नंबराचे स्पष्ट फोटो काढा, जुन्याचे आणि नव्याचेही, कारण सगळं परत जोडल्यावर तो नंबर दिसायला फार अवघड.

नवं इंजिन ठरल्यापेक्षा उशिरा, १४ मे ला आलं. पॅलेट मागवताना टेल लिफ्टवाली (मागे सामान उतरवायची फळी असलेली) गाडी आहे ना हे विचारून घ्या आणि ते लोक फक्त फुटपाथपर्यंतच सोडतात हे धरूनच चला. आम्ही क्रेन परत एका आठवड्यासाठी आणली होती म्हणून निभावलं. आणि पॅलेटवर जे येतं ते पूर्ण इंजिन नसतं. नुसता गाभा येतो, रोटर आणि हाउसिंग जोडलेला. इनटेक मॅनिफोल्ड, इंजेक्टर, अल्टरनेटर, वॉटर पंप, ऑइल मीटरिंग पंप, सेन्सर, माउंट, एग्झॉस्ट मॅनिफोल्ड हे सगळं जुन्यावरून काढून नव्यावर चढवायचं. या कामाला काढण्या-बसवण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि खरं सांगू का, मला सगळ्यात जास्त आनंद याच कामात मिळाला. इनटेकमधले व्हॉल्व्ह कार्बनने जाम झालेले, ते सुटे करून ब्रशने आणि क्लीनरने एकेक साफ केले, बोटाने हलवून बघितले की मोकळे फिरतायत का. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असायचा, व्हिडिओ कॉल लावून फोन टूलबॉक्सला टेकवलेला, तिकडे कोल्हापुरात रात्रीचा दीड वाजून गेलेला तरी अण्णा बघत बसलेले, झोपा म्हटलं तर म्हणायचे, "राहू दे गं, लई वर्सांनी मशीन उघडलेली बघाय मिळाली."

ऑइल कूलर पूर्ण काढून धुतले, पाइपांतून स्वच्छ द्रव येईपर्यंत. पहिल्या वेळी बाहेर आलेल्या ऑइलमध्ये चकचकीत कण दिसत होते, फडक्यावर घेऊन फोटो काढला. इंजिन माउंट नवे घातले कारण ते परत पोहोचायला सोपे नाहीत. होस पाइप सगळे बदलले. क्लच किट नवं, पायलट बेअरिंग नवं.

फ्लायव्हीलच्या नटाबद्दल वेगळं सांगायला हवं. रोटरीत फ्लायव्हील धरून ठेवणारा एकच मोठा नट असतो, ५४ मिलिमीटरचा. कसायचा टॉर्क ३९२ ते ४९० न्यूटन मीटर. घरात असतो तो टॉर्क रेंच साधारण २०० पर्यंत जातो, त्याने हे होत नाही. पाऊण इंची ड्राइव्हचा मोठा रेंच भाड्याने आणा, फ्लायव्हील फिरू नये म्हणून दात अडकवणारी पट्टी मिळते ती घ्या, आणि दुसरं माणूस इंजिन धरायला पाहिजेच. आजोबांकडे कारखान्यातल्या दिवसांतला लांब बार होता, काढताना तो वापरला, कसताना मात्र त्यांनीच रेंच आणायला लावला, अंदाजपंचे इथे चालणार नाही म्हणाले.

जूनच्या मध्यावर इंजिन आत बसलं. आत घालताना कोन नीट जुळला की गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमध्ये सरकतो, न जुळला तर कितीही ढकला. तिथे बोल्ट कसून ओढून घ्यायचा मोह होतो, तो आवरा, केसिंग फुटतं. आम्ही पुढच्या क्रँक पुलीला सॉकेट लावून इंजिन इंचभर फिरवलं आणि शाफ्ट आत गेला.

पहिला स्टार्ट ३० जूनला, रविवारी. आधी प्लग काढून, इंधन बंद ठेवून, ऑइल प्रेशर येईपर्यंत नुसतं फिरवायचं. डावीकडचं पुढचं चाक काढलं की प्लग हाताशी येतात. प्रत्येक रोटरला दोन प्लग, लीडिंग आणि ट्रेलिंग, दोन्ही वेगळ्या प्रकारचे असतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. प्लग लावून, रिले लावून पहिल्या प्रयत्नाला स्टार्ट झाली नाही, थोडी फिरली, दुसऱ्यांदा धडधडली, आणि मग एकदम पकडली. पांढरा धूर गल्लीभर. जोडणीच्या वेळी आत लावलेलं ग्रीस-ऑइल जळतं तो तो धूर, दहा-पंधरा मिनिटांत विरतो, शेजारच्यांना आधी सांगून ठेवलं होतं. पहिल्या टाकीत मी थोडं टू-स्ट्रोक ऑइलही मिसळलं होतं, आणि त्या वासाने मला थेट कोल्हापुरातली आमच्या काकांची आरएक्स-१०० आठवली, पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घालून घ्यायचे ते. आजोबा टाळ्या वाजवत होते, अण्णा फोनवर गप्प होते, मग म्हणाले, "आवाज चांगला हाय. ऑइलचा काटा बघ आधी." काटा जागेवर होता.

बॅटरी काढलेली असल्यामुळे आणखी एक गोष्ट करायची असते. इग्निशन ऑन करून, इंजिन बंद ठेवून, आठ सेकंदांच्या आत २० वेळा ब्रेक दाबायचा. ऑइल प्रेशरचा काटा हलून परत आला की रीसेट झालं. हे न करता चालवलं तर आयडल अडखळत राहतं. कूलंटमधली हवा काढायला वेळ द्या, हीटर फुल गरम ठेवून, पुढचं टोक थोडं उचलून. रोटरीला जास्त तापणं अजिबात सहन होत नाही, त्यामुळे इथे घाई नको.

आता गंमत अशी की सॉर्नवरची गाडी रस्त्यावर ट्रायल घ्यायला नेता येत नाही. फक्त आधी बुक केलेल्या एमओटीला चालवत नेता येते, तेही विमा पूर्ण चालू असेल तर. त्यामुळे दारातच तापवायची, थंड करायची, गळती बघायची असं आठवडाभर केलं. मग क्रम हा ठेवला: विमा पूर्ण चालू करून त्याचं पत्र, मग एमओटीची वेळ आणि तिचा मेसेज फोनमध्ये, मग चाचणी, मग तिथूनच टॅक्स, आणि सगळ्यात शेवटी व्ही५सी पोस्टात. हा क्रम उलटा करू नका, कारण टॅक्स भरायला व्ही५सीवरचा नंबर लागतो आणि तो आधीच पोस्टात टाकला असेल तर तुम्ही अडकलात.

एमओटी १० जुलैला, ५४.८५ पाउंड. धुरातलं कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) मोजतात, इंजिन आणि कॅट पूर्ण तापलेलं असेल तर आकडे बरे येतात. पण गाडी सॉर्नवर, म्हणून लांबच्या रस्त्याने न जाता नेहमीच्याच रस्त्याने गेले आणि पोचल्यावर इंजिन बंद केलं नाही, आतल्या माणसाला आधीच विचारून ठेवलं होतं. पास झाली. एक सल्ला, म्हणजे नापास न करता दिलेली सूचना, मिळाला, मागच्या एका बुशवर, ते नंतर बदललं. तिथेच उभं राहून फोनवरून टॅक्स भरला, २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली असल्यामुळे ही गाडी के बँडमध्ये (टॅक्सच्या एका गटात) बसते, २०२४ मध्ये त्याचे वर्षाला ४१५ पाउंड होते. त्या तारखेनंतर नोंदलेली हीच गाडी असती तर तेव्हा ७३५, म्हणून आरएक्स-८ घेणाऱ्यांनी नोंदणीची तारीख आधी बघावी. टॅक्स भरला की सॉर्न आपोआप संपतं.

मग व्ही५सी. नव्या प्रकारच्या लॉगबुकात, ज्याच्या मुखपृष्ठावर रंगीत आकड्यांचे चौकोन असतात, भाग १ भरायचा, जुन्या प्रकारच्यात भाग ७. नवा इंजिन नंबर लिहून सोबत इंजिनाची पावती जोडून डीव्हीएलएला, स्वान्सीला पाठवायचं. फी नाही. सीसी बदललेलं नसल्यामुळे बाकी काही लागलं नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढून सहीच्या पोस्टाने जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवलं आणि ऑगस्टच्या अखेरीस नवं लॉगबुक घरी आलं. पाकीट फोडून पहिल्यांदा नंबरच एकेक अक्षर जुळवून बघितला. त्याची प्रत विमा कंपनीला पाठवली.

जुनं इंजिन दरम्यान परत गेलं. पूर्ण रिकामं करून, सगळी भोकं टेपने बंद करून, पट्ट्यांनी पॅलेटला बांधून, नंबरासकट फोटो काढून. अनामत दोन आठवड्यांत परत आली. वापरलेलं ऑइल कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरला घेतात, बंद डब्यातून न्यायचं.

एकूण खर्च: इंजिन २,६५०, वाहतूक ९०, क्लच किट २४०, कॉइल १३०, प्लग ७५, माउंट १२०, गॅस्केट-होस-बोल्ट २१०, ऑइल आणि कूलंट ११०, क्रेन दोनदा मिळून १००, हत्यारं आणि भाड्याचा रेंच १४०, टेस्ट ६०, एमओटी ५४.८५. चार हजार पाउंडांना थोडे कमी, टॅक्स आणि विमा सोडून. रुपयांत चार लाखांच्या वर.

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन हळूहळू रुळवणं, मी काळजीने केलं. पहिले ५०० मैल ४००० आरपीएमच्या वर नाही, एकाच वेगाने मोटरवेवर लांबवर नाही, मग ऑइल आणि फिल्टर बदललं, त्याची पावती वॉरंटीवाल्यांना ईमेल. १००० मैलांनंतर हळूहळू वर नेत गेले. ऑक्टोबरात त्याच गॅरेजात परत कंप्रेशन टेस्ट केली. पुढचा रोटर ८.१, ८.०, ८.२ आणि मागचा ८.०, ७.९, ८.१. अण्णांना आकडे पाठवले, त्यांनी ते वहीत लिहून ठेवले आणि दोन रोटरमध्ये फरक किती चालतो ते विचारलं. एक बारपर्यंत, आणि एकाच रोटरच्या तीन बाजूंत दीड बारपर्यंत. आपला किती, म्हणाले. मी सांगितलं, पॉइंट एक, पॉइंट दोन. "मंग झकास."

गरम असताना गाडी आता पहिल्या फिरकीला स्टार्ट होते. मी एकच फाईल केलीय, तिच्यात दोन्ही कंप्रेशन टेस्टचे कागद, इंजिनाची पावती, कूलर धुतल्याचे फोटो, कॉइल-प्लगची पावती, विमा कंपनीचे ईमेल आणि जुन्या व्ही५सीची प्रत. गाडी विकायचा विचार नाही, पण कधी वेळ आलीच तर आरएक्स-८ घेणारा माणूस पहिल्यांदा कंप्रेशनचे आकडे मागतो आणि त्यानंतर बॉनेट उघडून इंजिन नंबर लॉगबुकाशी जुळवतो.